मदत हवी आहे: इंदूरचं जुनं घर आई-बाबांसाठी सोयीचं कसं करावं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा इंदूरला रामबागेत राहतात. बाबा ७८, आई ७३. मी पुण्यात, भाऊ बंगळुरूला. दोघांनाही घर सोडायचं नाही आणि मला ते मनापासून पटतं. दूधवाला, औषधवाला, शेजारच्या काकू, सगळे त्यांचे आहेत. माझ्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर कोणाशी बोलणार? तेव्हा घरातच काय ते बदल करायचे, असं आम्ही भावंडांनी ठरवलंय.

बाबांना पार्किन्सन्स आहे. सपाट फरशीवर बरे चालतात, पण दार आलं की पाय जागीच खिळतात आणि अंग मात्र पुढे झुकतं. पडायची भीती तिथेच. दार, अरुंद बोळ, वळण, अशा ठिकाणी या आजारात असं होतं. फिजिओथेरपीच्या ताईंनी पलंगापासून बाथरूमपर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावायला सांगितल्या, एकेका पावलाच्या अंतराने. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. खूप फरक पडला, ज्यांच्या घरी हा आजार असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आता उंबरठे. आतले काढायला आई तयार आहे, पुढच्या दाराचा नाही. रोज सकाळी ती त्याला हळदकुंकू वाहते, खाली रांगोळीची दोन बोटं ओढते. तिच्या मनाविरुद्ध मी त्याला हात लावणार नाही. मिस्त्री म्हणतो, दोन्हीकडून उतार देऊ. पण उंबरठा साडेतीन इंच उंच आहे. एकास बारा प्रमाणाने, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबीचा उतार धरलं तर प्रत्येक बाजूला साडेतीन फूट लागतात आणि बाहेरचा ओटला जेमतेम तीन फूट. शिवाय उतारावर बाबांची पावलं आपोआप भराभर पडायला लागतात, म्हणून मला उतारच नको वाटतो. उंबरठा तसाच ठेवून चौकटीला दोन्ही बाजूंनी धरायला उभे दांडे आणि उंबरठ्याच्या कडेला ठळक रंगाची पट्टी, असं कोणी केलंय का?

बाथरूमची अडचण वेगळी. कमोड बसला, रात्री आपोआप लागणारे दिवेही लावले. पण भिंत जुनी, विटा आणि चुन्याची. दांड्यासाठी ड्रिल मारलं तर नुसता लाल भुगा आला, स्क्रू पकडून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग आत फिरत राहिला. असा दांडा बाबांच्या वजनाने उपटून आला तर नसलेला बरा. भिंतीतून आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी, किंवा थेट जमिनीत रोवलेला स्टीलचा दांडा, यातलं जुन्या घरात काय टिकतं?

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. तेव्हा आई हौदाचं जड झाकण उचलून पाणी बघते, मग मोटर लावते. हौदाला फ्लोट व्हॉल्व्ह (हौद भरला की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) आणि वरच्या टाकीला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर लावून हे सगळं आपोआप करायचा विचार आहे. सेन्सर वर्ष-दोन वर्षं नीट चालतात का?

सगळ्यात जास्त काळजी आईची वाटते. बाबांना खुर्चीतून उठवताना तिची कंबर जाते आणि ती कोणाला सांगत नाही. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. घरी मदतीला येणाऱ्या माणसाचा खर्च आपलाच. सकाळचे तीन-चार तास आंघोळ आणि व्यायामासाठी, उठवण्या-बसवण्याची पद्धत शिकलेला पुरुष मदतनीस हवा आहे. रामबाग, नारायणबाग भागात कोणी ठेवला असेल तर महिन्याला साधारण किती घेतात आणि ठेवण्याआधी काय तपासावं, ते कृपया सांगा.

दांड्यांचं आधी सांगितलंत तर बरं, मिस्त्री पुढच्या आठवड्यात येतोय.