मालवण ते ठाणे, सावकाश

कोकणातून परतताना सागरी मार्ग धरणं म्हणजे वेळेची नासाडी, असं बरेच जण म्हणतात. वेळ जातो, मान्य. पण मालवणहून ठाण्याला येताना आम्ही दोघांनी मुद्दाम ६६ नंबरचा महामार्ग टाळला आणि तीन दिवस घेतले.

वाटेत चार जंगलजेटी, म्हणजे गाड्यांसकट खाडी पार करून देणाऱ्या फेरीबोटी, लागतात: जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा. धोपाव्याला गाडी रिव्हर्समध्ये चढवायची होती. नवरा एरवी स्वतःला पट्टीचा ड्रायव्हर म्हणवतो, तिथे मात्र मला खाली उतरवून "बघ गं, किती जागा आहे?" चाललेलं. खलाशी शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुम्हीच चालवा." मीच चढवली! वाशिष्ठीच्या खाडीत वारा एवढा, की हातातल्या शेंगदाण्यांची सालं याच्या चष्म्यावर. घरी एका छपराखाली राहूनही आम्ही इतक्या गप्पा मारत नाही.

हरिहरेश्वरला मुक्काम केलात तर सकाळी प्रदक्षिणेची वाट चुकवू नका, फक्त भरती-ओहोटीची वेळ विचारून जा. पावसाळ्यात हा बेत नको. आणि काचेवर मिठाचा थर बसतो, पाण्याची बाटली हाताशी ठेवा.