डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सरांच्या हस्तलिखिताबद्दल त्यांना काय कळवावे?

नमस्कार. उजव्या डोळ्याचा पडदा सुटल्यामुळे बारा दिवसांपूर्वी माझी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायू भरलेला असल्याने बराचसा वेळ पालथे पडून काढावा लागतो, आणि तो पुरता विरायला सहा ते आठ आठवडे लागतील असे डॉक्टर म्हणतात. मान सरळ केली की बुडबुड्याची कड तांब्यातल्या पाण्यासारखी डुचमळताना दिसते. हा मजकूर मी सांगतो आहे आणि भाची लिहिते आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्याच आठवड्यात माझ्या शाळेतल्या मराठीच्या सरांनी (वय ८४) आपल्या आठवणींचे ३१२ फुलस्केप पानांचे, सुईदोऱ्याने शिवलेले हस्तलिखित माझ्याकडे धाडले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटण तालुक्यात शिक्षक होते. ‘दिवाळीपूर्वी प्रकाशकाकडे द्यायचे आहे, निर्दयपणे खाडाखोड कर,’ अशी चिठ्ठी सोबत होती. मी पोहोच कळवली आणि तेव्हापासून गप्प आहे.

तब्येतीचे कारण सांगितले की लिखाण आवडले नाही म्हणून हा टाळतो आहे, असा अर्थ लावला जातो. एकदा मीही एका ज्येष्ठांबद्दल तसाच लावला होता. उलट सगळे खरे कळवावे, तर सर या वयात डिंकाचे लाडू घेऊन पहिल्या एसटीने दारात उभे राहतील.

भाचीने काल सात पाने वाचून दाखवली. प्रसंग कळतात, पाल्हाळही कळते. परंतु वर्गात आम्हाला न उच्चारले जाणारे अनुस्वार वगळणारे १९६२ चे शुद्धलेखनाचे नवे नियम शिकवणारे सर स्वतः मात्र ‘घरांत’, ‘नाहीं’ असेच लिहितात. ते अनुस्वार ऐकू येत नाहीत, आणि ते राखावेत की काढावेत हाच तर खाडाखोडीतला मोठा प्रश्न आहे.

तेव्हा भूकंपाचे प्रकरण तेवढे ऐकून त्यावर अभिप्राय द्यावा आणि बाकीचे काम दुसऱ्या जाणत्या माणसाकडे सोपवण्यास सुचवावे, हे योग्य होईल का? शिवाय ही एकच प्रत आहे. परत धाडण्यापूर्वी तिचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायलाही त्यांची परवानगी घ्यावी ना?

पत्राची सुरुवात मी अशी योजली आहे: ‘सर, डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मला सध्या वाचण्याची मनाई आहे, पहिली सात पाने ऐकली आणि आठवे ऐकायचे आहे.’ यापुढे नकाराचे वाक्य कसे घालावे, ते कृपया सुचवा.