पैसा कुंपणाबाहेरच जातो
अमेरिकेत लष्करी तळांजवळच्या कामांसाठी सरकार अनुदानं देतं. ‘ही अनुदानं म्हणजे लष्कराचीच चैन, गावाला काय मिळतं’ असं मत इथे कुणीतरी मांडलंय, ते मला पटलं नाही. २०१८ साली कायद्यात आलेल्या ‘डिफेन्स कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर प्रोग्राम’ या योजनेत पैसा मुख्यतः तळाच्या कुंपणाबाहेरच्या कामांना मिळतो: रस्ते, पाणी, शाळा वगैरे. अर्ज करते नगरपालिका किंवा राज्य, तळाच्या कमांडरची फक्त शिफारस लागते. एरवी खर्चाचा किमान ३० टक्के वाटा स्थानिकांचा, ग्रामीण भागाला त्यात सूट.

मी व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोकला होतो तेव्हा पौर्णिमेच्या भरतीला, आभाळ निरभ्र असताना, हॅम्प्टन बुलेवार्डच्या आसपास गटारांतून खारं पाणी वर यायचं. नाविक तळाकडे जाणारा मुख्य रस्ता हा! नौदलात नोकरीला असलेली आमची शेजारीण भरतीची वेळ बघूनच गाडी काढायची. तो रस्ता दुरुस्त झाला तर फायदा नेमका कुणाचा धरायचा?