तळ्याकाठचे रूळ : शहराने रेल्वेला दिलेली वाट (अनुभव धागा)

शिकागोला आलेल्या मराठी पाहुण्याला एकदा तरी मिलेनियम पार्कातल्या त्या चकाकत्या 'बीन' या शिल्पासमोर उभे केले जाते. आपण उद्यानात नसून रेल्वेच्या छपरावर उभे आहोत, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. पायाखाली फलाट आहेत, आणि ते तिथे असण्याचे कारण १८५२ सालच्या एका सौद्यात आहे. तेव्हा मिशिगन तळ्याच्या लाटा मिशिगन अॅव्हेन्यूचा काठ खात होत्या आणि बंधारा घालायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला शहरात शिरायचे होते. नगरपालिकेने तळ्याकाठची ३०० फूट रुंदीची पट्टी रुळांसाठी दिली आणि त्या बदल्यात बंधाऱ्याचे काम रेल्वेच्या गळ्यात घातले. १८३६ च्या नकाशावर याच काठाच्या जमिनीवर 'कायम खुली, इमारतींपासून मुक्त' अशी नोंद होती, हेही लक्षात ठेवावे.

ज्यांनी हे रूळ जवळून पाहिले आहेत किंवा कामाच्या निमित्ताने या प्रकरणाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांनी लिहावे. दुसऱ्या शहराचा अनुभवही चालेल. फक्त विषय रेल्वे, रस्ता आणि पाणी यांच्यापाशी राहू द्यावा.

हाइड पार्क, शिकागो

विद्यार्थी असताना मी चार वर्षे या मार्गावरून ये-जा केली. आता तो मेट्रा इलेक्ट्रिक या नावाने ओळखला जातो. शहराकडे जाताना डाव्या हाताला इमारती आणि उजव्या हाताला तळे, अशी ही वाट आहे, आणि हिवाळ्यात सकाळी तळ्यावरून वाफ उठत असे तेव्हा डब्यातले सगळे प्रवासी हातातला फोन विसरून तिकडे पाहत.

आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला व्हॅन ब्यूरन स्थानकाजवळच्या पुलावर नेले. खाली खोल चर, त्यात रुळांच्या जोड्या, वर विजेच्या तारा, पलीकडे झाडे, मग वाहनांचा मोठा रस्ता आणि त्याच्याही पलीकडे निळी रेघ. ती कठड्याला धरून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, पाणी तर दिसतंय, पण तिथं जायचं कुठून?" मी सांगितले की मूळ रूळ या चरातही नव्हते, ते पाण्यात खांब रोवून त्यांवर टाकले होते, गाडी तळ्यातून चाले, आणि रूळ व रस्ता यांच्यामध्ये पाण्याचे डबके उरले होते. १८७१ च्या आगीत शहर जळाले, तेव्हा त्याचा राडारोडा या डबक्यात ओतून ते बुजवले गेले. आईचा विश्वास बसला नाही. "म्हणजे आपण जळक्या विटांवर उभे आहोत?" असे तिने विचारले, आणि परतताना प्रत्येक पावलाला ती खाली पाहत होती.

जाता जाता सांगतो : विवेकानंद १८९३ मध्ये ज्या इमारतीत बोलले, ते आर्ट इन्स्टिट्यूटही याच पट्ट्यात आहे, आणि आज त्या संग्रहालयाचा एक भाग चक्क रुळांच्या वरून पलीकडे गेलेला आहे. चित्रे पाहताना खालून गाडी जाते.

नगररचनाकार, शिकागोचे उपनगर

वरच्या प्रस्तावात 'पट्टी दिली' असे म्हटले आहे. माझ्या व्यवसायात या 'दिली' शब्दावर दिवसच्या दिवस जातात. जमीन देणे वेगळे आणि जमिनीवरून जाण्याची वहिवाट देणे वेगळे. मिलेनियम पार्क होण्यापूर्वी तिथे अनेक दशके रुळांचे जाळे आणि मोटारी उभ्या करण्याची उघडी जागा होती. जागा रेल्वेची, असे सगळेच धरून चालले होते. १९९० च्या दशकात शहराने जुने कागद काढले, तेव्हा रेल्वेचा हक्क रेल्वेच्या वापरापुरताच असल्याचा मुद्दा पुढे आला आणि शहर न्यायालयात गेले. १९९७ मध्ये रेल्वेने तेथील आपला हक्क शहराला देऊन टाकला आणि २००४ मध्ये उद्यान खुले झाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने शब्द जपून वापरला नसता, तर त्या जागी आज काय उभे असते याचा विचार मी करू इच्छित नाही.

वकील, पुणे

मी शिकागोला गेलेलो नाही, परंतु या रेल्वेचे नाव माझ्या टाचणांत वारंवार येते. शहराच्या परवानगीवर रेल्वेचे भागले नाही. १८६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तळ्याखालची १,००० एकरांहून अधिक जमीन तिला देऊन टाकली. गव्हर्नर पामर यांनी नकाराधिकार वापरला, तो सभागृहाने झुगारला. चार वर्षांत विधिमंडळालाच उपरती झाली आणि कायदा रद्द झाला. रेल्वे भांडली. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या बहुमताने निकाल दिला. न्यायमूर्ती फील्ड यांनी लिहिले, त्याचा आशय असा की नौकानयनयोग्य पाण्याखालची जमीन राज्य लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण करते, त्यामुळे ती एका कंपनीच्या हवाली करून राज्याला हात झटकता येत नाहीत.

हा निकाल आपल्याकडे पोहोचला तो बियास नदीच्या काठावरून. एका हॉटेलसाठी नदीचा प्रवाह वळवल्याच्या, म्हणजे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात, डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी इलिनॉय सेंट्रलची चर्चा करून सार्वजनिक विश्वस्ताचा सिद्धांत भारतीय कायद्याचा भाग असल्याचे म्हटले. तलाव बुजवण्याविरुद्धच्या एका कामात मी हा आधार दिला, तेव्हा समोरच्या वकिलांनी हसून विचारले, "वकीलसाहेब, आपल्या गावच्या तळ्यात अमेरिकेची आगगाडी कुठून आणलीत?" पुढच्या तारखेला मी दोन्ही निकालांच्या प्रती घेऊन गेलो. त्या दिवशी कोणी हसले नाही.

न्यू यॉर्क

इथे रेल्वेला काठ नाही, थेट रस्ताच दिला. मॅनहॅटनच्या पश्चिमेला दहाव्या आणि अकराव्या अॅव्हेन्यूवर मालगाड्या लोकांमधून चालत, आणि इतके बळी गेले की त्या भागाला 'मृत्यूचा रस्ता' म्हणू लागले. गाडीपुढे लाल बावटा घेतलेला घोडेस्वार चालवण्याची पद्धत पडली. ती १९४१ पर्यंत टिकली. १९३४ मध्ये रूळ उंचावर नेले. त्यांवरच आज हाय लाइन हे उद्यान आहे आणि माझी मुलगी तिथे आइस्क्रीम खाते.

चर्चगेट ते चर्नी रोड

आमच्याकडे परवानगी नगरपालिकेची नव्हती, सरकारची होती. तरी नकाशा शिकागोचाच वाटतो, म्हणून लिहितो. १८६५ च्या शेअर-सट्ट्यात बॅक बे या इथल्या उथळ उपसागरावर भराव घालणारी कंपनी बुडाली आणि किनाऱ्याच्या पट्टीवरून बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची गाडी पुढे कुलाब्यापर्यंत गेली. कुलाब्याचे स्थानक १९३० च्या अखेरीस बंद झाले. तोवर रुळांच्या पश्चिमेला नवा भराव पडत होता आणि त्याच्या कडेने पुढे मरीन ड्राइव्ह झाला. म्हणजे रूळ जागचे हलले नाहीत. समुद्रच पलीकडे सरकवला गेला.

माझे वडील मरीन लाइन्सला उतरून कचेरीत जात. त्यांचे वडील सांगत की त्यांच्या लहानपणी त्या बाजूच्या खिडकीतून लाट दिसे. वडिलांना ते कधी दिसले नाही, मलाही नाही. मात्र जुलैत, भरतीची वेळ आणि पश्चिमेचा वारा असला, की फलाटावर उभे असताना चष्म्याच्या काचेवर खारट धूसर थर जमतो आणि तो रुमालाने पुसला तरी नीट निघत नाही.