लेकीची नखं मुळापासून सुटतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आम्ही ऐरोलीला असतो, लेक साडेतीन वर्षांची. काल नारळीभात खाऊन झाल्यावर तिचे हात धुताना उजव्या अंगठ्याचं नख माझ्या बोटाला अडकलं. बघते तर मुळाशी आडवी चीर आणि तिच्याखालून नवं, पातळ, खडबडीत नख वर येतंय. जुनं नुसतं टेकलेलं. खिडकीपाशी नेऊन सगळी बोटं पाहिली, आणखी तीन नखांना तशीच आडवी खाच. लाली नाही, पू नाही, दुखत नाही म्हणते.

मागचं सांगते. आषाढीला पाळणाघरात दिंडी होती. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, तोंड आलं, लाळ गळायला लागली. दुसऱ्या दिवशी तळहात, तळपाय आणि ढुंगणावर फोड. मला कांजिण्या वाटल्या. डॉक्टरांनी टॉर्चने तोंड पाहिलं, तळवे पाहिले आणि हँड फूट माउथ म्हणाले. रक्त वगैरे काही तपासलं नाही. व्हायरस आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या आणि सू कमी झाली तर लगेच आणा, एवढंच. पाणी प्यायलाही रडायची. ताक आणि गार पेज चमच्या-चमच्याने भरवून दिवस काढले. आठवड्यात बरी झाली.

आता सासूबाई म्हणतात कॅल्शियम कमी आहे. मेडिकलवाल्याने बुरशी म्हणून मलम दिलंय, मी अजून लावलेलं नाही. आमचे डॉक्टर सोमवारी भेटतील. कुणाच्या मुलांना असं झालंय का? नवं नख नीट येईल ना?

प्रतिसाद (खारघर)
ताई, घाबरू नका. माझ्या मुलालाही याच आजारानंतर महिन्याभराने झालं होतं, पायाच्या अंगठ्यांनाही. आजारात नखाच्या मुळाची वाढ काही दिवस थांबते, मग पुन्हा सुरू झाली की नवं नख जुन्याला पुढे ढकलतं. कॉक्सॅकी ए६ या व्हायरसनंतर हे जास्त दिसतं असं आम्हाला सांगितलं होतं. कॅल्शियमचा संबंध नाही. बुरशी एकाच वेळी इतक्या नखांना अशी आडवी रेघ पाडत नाही, मलम राहू द्या. नख ओढू मात्र नका. सुटलेली कड कापा, कपड्यात अडकत असेल तर पट्टी लावा. बोटाची नखं महिन्याला साधारण ३ मिमी वाढतात, धीर धरा. सूज किंवा पू दिसला तर मात्र सोमवारची वाट बघू नका.

धागाकर्ती
खूप आभार. आज दाखवून आले, डॉक्टरही हेच म्हणाले. औषध काही नाही. शीमधून व्हायरस कित्येक आठवडे जात राहतो, म्हणून सॅनिटायझरवर न थांबता साबणाने हात धुवा म्हणाले. पाळणाघरात ताईंना ते सांगायला गेले, तर दिंडीतल्या आणखी एका मुलाची आई आपल्या मुलाचं बोट त्यांना दाखवत उभी होती.