मदत हवी आहे: वर्षावनासाठी दुर्बीण ८×३२ की ८×४२?

परदेशात विषुववृत्तालगतच्या वर्षावनात पक्षी बघायला जायचंय. दुर्बीण एकच नेणार, आणि गाडी तिथेच अडलीय. (८ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, ३२ किंवा ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिमीत.)

८×४२ मधून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत सव्वापाच मिमी रुंद असतो, ८×३२ मधून ४ मिमी. भर उन्हात फरक कळत नाही, कारण डोळ्याची बाहुलीच आकसलेली असते. पण पहाटे झाडोऱ्यात, जमिनीवर पानं उलटणारा तपकिरी पिट्टा शोधताना तो नक्की जाणवतो. उलट ८×३२ हलकी. दिवसभर उंच शेंड्यांकडे बघताना मान आणि दंड अवघडत नाहीत. मला चष्मा आहे, त्यामुळे आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसेल असं डोळा आणि दुर्बिणीच्या भिंगातलं अंतर) किमान १६ मिमी हवाच. नाहीतर कडेचं चित्र कापलं जातं. इथेच बऱ्याच ८×३२ मार खातात. अशी चष्म्याला चालणारी कोणती वापरलीय का?

दुसरं, धुकं धरणं. नायट्रोजन भरलेली दुर्बीण आतून धुरकटत नाही, पण एसी खोलीतून बाहेर आणली की काचेवर वरून दव बसतंच. बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवावी, हे ठाऊक आहे. (शर्टाने पुसू नका म्हणून सांगू नका, ते कळतं!) पण वीज नसलेल्या मुक्कामी ओलसर झालेली सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) परत कशी सुकवता? चुलीवर, तव्यात चालते का?

मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपचे त्या देशाचे पॅक निघण्याआधी उतरवून घेणार आहे. तिथल्या आवाजांवर त्याची ओळख कितपत भरवशाची?