मनाली–लेह सायकलने : पाणी किती आणि कसं न्यावं?

ऑगस्टमध्ये मनाली–लेह करायचं ठरतंय. सोबत तंबू, सपोर्ट गाडी नाही. फ्रेमवर पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात. सर्चू–पांग आणि पांग–डेबरिंग या टप्प्यांना किती पाणी लागेल, ते सायकलवर कुठे बांधावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

दीड लिटरवर अजिबात निघू नका. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, त्यामुळे तहान कळत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. सर्चू–पांगमध्ये गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकी ला आणि लाचुंग ला या दोन खिंडी. सात-आठ तासांचे किमान साडेचार लिटर, वाटेत मुक्काम पडला तर स्वयंपाकाला दीड लिटर वेगळं. वळणं सुरू होण्याआधीच भरून घ्या, चढ लागला की नदी खालीच राहते. या दोन खिंडींमधल्या व्हिस्की नाल्यावर हंगामात तंबू असतात, पण त्यांच्या भरवशावर हिशोब नको.

सगळं पाणी मागच्या कॅरियरवर लादलं तर उतारावर हँडल थरथरतं. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) दोन्ही बाजूंना दीड-दीड लिटर लावा. फोर्कला भोकं नसतील तर होज क्लॅम्प (पाइप आवळायची धातूची पट्टी) आणि त्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा. कार्बनच्या फोर्कवर मात्र क्लॅम्प आवळू नका. साध्या केजमध्ये (बाटली अडकवायच्या पिंजऱ्यात) मोठी बाटली कोंबली की खड्ड्यांनी केज वेल्डपाशी तुटते. मोठ्या बाटलीची मजबूत केज घ्या, वरून वेल्क्रोचा पट्टा. बोल्ट रोज संध्याकाळी तपासा.

उरलेल्यासाठी दोन लिटरची घडीची पिशवी पॅनियरच्या (कॅरियरला लटकवायच्या बॅगेच्या) तळाशी. पांगनंतरचा चढ संपला की मोरेचं सुमारे ४० किमी पठार आहे, तिथेही ती भरलेलीच हवी.

प्रतिसाद २

ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका, वर मेंढरं चरतात. गढूळ पाणी थेट फिल्टरला लावलं तर तो तुंबतो. पातेल्यात अर्धा तास निवळू द्या, वरचं रुमालातून गाळा, मग फिल्टर. रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊनच झोपा. आतलं पाणी गोठलं की बारीक नळ्या चिरतात. बाहेरून काही दिसत नाही, पाणी मात्र न गाळताच येत राहतं. उकळत असाल तर उकळी तीन मिनिटं ठेवा. क्लोरीनच्या गोळीला गार पाण्यात दुप्पट वेळ द्या.

प्रतिसाद ३

ओआरएससाठी एक बाटली वेगळी ठेवा. पाकीट एक लिटरचं असतं, तुमच्या पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका.